बारा पटके आणि उपळ्या बुरुज

आमच्या मुरूम गावात बसून नळदुर्ग पाहिल्याचं सांगणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांतला एक मीही होतो. सोलापूरच्या सडकेनं मोटारीतून जाताना तट दिसतो, मोटार वळते, तट मागं पडतो, आणि माणूस घरी येऊन म्हणतो, किल्ला पाहिला. गेल्या महिन्यात चौथीची बारा पोरं घेऊन मी तिथं राहून आलो आणि मग कळलं की आधी मी काहीच पाहिलं नव्हतं. जे अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी फुशारकी मारायलाही. मास्तरच्या जन्मात फुशारकी मारण्याजोगं फार वेळा काही घडत नाही.

का गेलो ते आधी सांगतो. आमच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, पुस्तकं उर्दूत, आणि पोरं घरी मराठी, कानडी नाहीतर दखनी बोलणारी. गज, हात, कोन, सगळं पोपटासारखं पाठ. पण 'ही भिंत किती हात?' असं विचारलं की माझ्या तोंडाकडं पाहत राहायची. म्हणून जुमेरातला, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, शेवटचा तास मी बाहेर घ्यायला लागलो. आडाची खोली मोजायची, बाजारातल्या तराजूला पासंग आहे का बघायचं, शेताचा बांध पावलांनी मापायचा. सिद्राम नावाचं एक गुराख्याचं पोर आठवडाभर गुरांमागं असायचं, पण जुमेरातला न चुकता हजर. त्याच्यासाठी मदरसा म्हणजे तेवढा एक तास.

भादव्यात मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला, डिप्टीसाहेब आले. शेरवानी, रुमी टोपी, बारीक कोरलेली दाढी आणि बोलणं अगदी मऊ. त्यांनी नेमकं सिद्रामला उभं करून पुस्तकातलं एक कलम म्हणायला सांगितलं. सिद्राम गप्प. मग त्यांना जुमेरातच्या तासाची बातमी लागली. "मास्टर," ते म्हणाले, "ये सैर-सपाटा है, तालीम नहीं. बंद कीजिए."

मी मुळात तापट. नोकरीत आहोत हे विसरून म्हणालो, "साहेब, ही पोरं पाठ म्हणणार नाहीत, पण मोजून दाखवतील. काहीही सांगा." साहेब हसले. त्यांनी सांगितलं, दसऱ्यानंतर मी नळदुर्गच्या डाक बंगल्यात मुक्कामाला असेन. पोरांना घेऊन या. किल्ल्यातल्या उपळ्या बुरुजाची उंची पैमाइशवाल्यांच्या, म्हणजे सरकारी मोजणीदारांच्या, कागदावरून माझ्याकडं उतरवलेली आहे. पोरांनी स्वतः मोजून तीच आणली तर तास चालू राहील. नाही आणली तर त्या दिवसापासून बंद. आणि एक अट: मोजताना मास्तरनं तोंड उघडायचं नाही.

सिद्राम दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यानं मला एवढंच विचारलं, "म्हंजे आता जुमेरात माज्या हातात हाय व्हय?"

तयारी

बुरुज मोजायला साखळी हवी. महसुलातल्या गिरदावराकडं जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, होती. ती द्यायची तर वरून परवाना हवा, म्हणाला. विहिरीचा नाडा घ्यावा तर तो ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. तेव्हा मी डोकं लढवलं. कापड! लढाईमुळं कापड कंट्रोलवर, पण पेठेतल्या एका शेटजींकडं कोऱ्या मांजरपाटाचं एक ठाण होतं आणि त्यांचा नातू माझ्या वर्गात. त्यांनी आपल्या लोखंडी गजानं मोजून प्रत्येकी पाच गजाचे बारा पटके फाडून दिले. चालताना डोक्याला, मोजताना मापाला. पोरं एका दमात पलटणीसारखी दिसायला लागली.

मी वर्गात छाती काढून सांगितलं, "दोर ताणतो. कापडाचं माप मरेपर्यंत बदलत नाही." हे वाक्य पुढं मला फार जड गेलं.

जळकोट

दोन बैलगाड्या. पुढच्या गाडीवर ख्वाजाभाई, पन्नाशीचा गडी. बैलांशी दखनीत बोलायचा, आमच्याशी मराठीत आणि रागावला की कानडीत. येणेगूरपर्यंत पोरं गाणी म्हणत होती, पुढं झोपली. दुतर्फा शाळू नुकताच उगवून वर आलेला, मध्येच पिवळ्या फुलांवर येत चाललेली तूर.

जळकोटात ख्वाजाभाईच्या बहिणीकडं मुक्काम झाला. सकाळी तिनं अंगणात ताटल्या मांडल्या: मसुरीची पिवळी खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा. आमच्याकडं न्याहरी म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सकाळी भात म्हणजे माणूस आजारी असणार. शिवाय कुणाच्या घरचं कुणी खायचं, हा प्रश्न पोरांच्या तोंडावर लिहिलेलाच होता. सगळी माझ्याकडं बघत बसली. मी खाली बसून पहिला घास घेतला. खट्टा असा झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी आणखी मागितला. मग पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि ताटल्या ओढल्या.

"घरी सांगू नगा मास्तर," एकजण म्हणाला.

"काय सांगू नको? तीनदा वाढून घेतलंस ते?" ख्वाजाभाईची बहीण आतून म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं.

नळदुर्ग

बोरी नदीनं किल्ल्याला मिठी मारल्यासारखा वेढा घातला आहे. दरवाजातून आत शिरलं की वाट एवढी वळणं घेते की पोरं दोनदा म्हणाली, आपण परत बाहेर चाललो. आधी त्यांना पाणीमहालात नेलं, कारण तिथून पाण्याचा आवाज येत होता आणि तो ऐकल्यावर बारा पोरांना अडवणं माझ्या हातात नव्हतं. नदीला आडवा बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात खोल्या. जिना उतरून आत जायचं. बाहेर पाणी कोसळतंय आणि आपण कोरड्या कमानीत उभे, खिडकीसमोरून पाणी खाली जाताना बघतोय. सिद्रामनं भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला.

"मास्तर, भिंत गुरगुरतीया."

सगळ्यांनी गाल लावले. मीही लावला. खरंच दगडाच्या आतून घरघर येत होती. पुस्तकात पाण्याच्या दाबावर अर्धं पान आहे, ते मी पाच वर्षं शिकवत आलोय. ती घरघर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

दुपारी बुरुज. उपळ्या बुरुज म्हणजे किल्ल्याच्या आत एकटाच उभा असलेला उंच दांडगा. बाहेरच्या अंगानं पायऱ्या वर जातात. अर्ध्यावर मी श्वास घ्यायला थांबलो आणि पोरं वर पोचून माझी चेष्टा करत होती. वर लांबलचक तोफा तापून पडलेल्या. एकानं तोफेच्या तोंडात डोकं घालून हाक मारली आणि घाबरून बाहेर आला. तिथून तुळजापूरच्या बाजूचे डोंगर निळे दिसतात आणि खाली नदीचं वळण चांदीच्या तोड्यासारखं.

एकजण म्हणाला, पायऱ्या मोजू. दुसऱ्यानं पाय लावून बघितलं आणि म्हणाला, "एक पायरी गुडघ्याएवढी, एक घोट्याएवढी. ह्या कामाच्या न्हायत." मी गप्प. अट मला मोडायची नव्हती.

महबूब आमच्या पेठेतल्या शिंप्याचा मुलगा. त्याच्या टोपीत कायम सुई खोचलेली असायची. गाठी मारल्या तर कापड गाठीत जातं, म्हणून त्यानं पटक्याचा काठ दुसऱ्याच्या काठावर दोन बोटं चढवून टाचायला सुरुवात केली, आणि प्रत्येक जोडाची दोन बोटं पाटीवर वजा मांडली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. टोकाला दगड बांधून कापड खाली सोडलं. पहिल्या झटक्याला वाऱ्यानं ते उडवून तोफेला गुंडाळलं. दोघं पोटावर पडून ते सोडवत बसले. मोठा दगड बांधल्यावर सरळ सुटलं. खाली सिद्राम. "टेकलंऽऽ!" अशी त्यानं हाळी दिली तेव्हा वरची पोरं नाचायला लागली. शेवटचा, अकरावा पटका निम्मा लागला होता; सिद्रामच्या डोक्यावरचा बारावा लागलाच नाही. तीनदा मोजलं, तिन्हीदा तेवढंच. माप पाटीवरून कागदावर उतरवून, घडी करून डाक बंगल्यावर साहेबांच्या शिपायाच्या हातात दिलं. निरोप आला: उद्या सकाळी माझ्यासमोर पुन्हा मोजा.

आता इथं आमचं चुकलं. उद्या साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडचं माणूस पहिलं काय करील? कपडे धुईल. पटके धुळीनं लाल झाले होते. मीच म्हणालो, "साहेबांपुढं हे असं न्यायचं का? चला नदीवर." ऊन कलेपर्यंत अकरा पोरांनी पटके बोरीच्या दगडांवर आपटून आपटून पांढरेशुभ्र केले आणि आम्ही उतरलो होतो त्या सराईच्या भिंतीवर वाळत टाकले. सिद्राम गायब होता. किल्ल्याबाहेरच्या माळावर सीताफळं पिकली होती. तो आपला पटका भरून फळं घेऊन आला, सगळ्यांना वाटली, आणि उरलेल्यांवर डोकं ठेवून आडवा झाला. सकाळी पटक्याला गराचे डाग, बिया आणि मुंग्या.

मी भयंकर चिडलो. "हे घेऊन साहेबांपुढं उभा राहणार? मागं उभा राहा, आणि तो काखेत लपव." तो पटका काखेत मारून मागं जाऊन उभा राहिला.

साहेबांपुढं

साहेब सकाळी आठाला आले, मागं शिपाई खुर्ची घेऊन. पोरांनी आदाब केला. अकरा पांढरे पटके उन्हात चमकत होते आणि मी मनात म्हणालो, आता फक्त मोजायचं.

टाचलं, सोडलं, खालून हाळी आली. वरून महबूब वाकून बघतोय आणि पुन्हा हातातल्या पटक्याकडं बघतोय. काल निम्मा लागलेला अकरावा पटका आज जवळजवळ पुरा लागला होता. पुन्हा सोडलं. तेच. तिसऱ्यांदा. तेच.

साहेबांनी कालचा कागद काढला, आजची पाटी शेजारी धरली. आवाज तसाच मऊ. "क्यों मास्टर, रात में बुरुज का क़द बढ़ गया क्या?"

शिपाई हसला. मला खरंच कळत नव्हतं काय झालं ते. लाज वाटत असूनही हे लिहितो, कारण पुढं जे झालं त्यात माझा काडीचा हात नव्हता. अट होती म्हणून मी गप्प होतो असं नाही; माझ्याजवळ सांगायला काही नव्हतंच. जुमेरातचा तास गेला, एवढंच डोक्यात होतं.

महबूब धापा टाकत खाली आला. त्यानं पटक्याचं टोक दोन बोटांत धरून चोळलं, बाप दुकानात चोळतो तसं.

"बुरूज न्हाय वाढला, साहेब. कापड आटलं."

"क्या मतलब?"

"आमचे अब्बा कोरं कापड कधी तसंच कातरीला लावत न्हायत. आधी भिजवायचं, वाळवायचं, मग बेतायचं. मांजरपाट तर लई आटतो. काल आमी पटके धुतले."

मला राहवलं नाही. "अरे, मग काल का नाही बोललास?"

"तुमीच म्हनले व्हते मास्तर, कापडाचं माप मरेपर्यंत बदलत न्हाय. म्हनलं, मास्तरला अब्बापेक्षा जास्त ठावं आसंल."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. पण ते मुआयना करणारे गृहस्थ, म्हणाले, "बात अच्छी है, बेटे. सबूत? कल कपड़ा कितना था, ये अब कैसे मालूम?"

पोरं एकमेकांकडं पाहायला लागली. सगळे पटके धुतलेले. लोखंडी गज मुरुमात शेटजींच्या दुकानात. तेवढ्यात मागून सिद्राम पुढं आला. काखेतला पटका काढून त्यानं साहेबांच्या खुर्चीपुढं झटकला. दोन सीताफळाच्या बिया साहेबांच्या बुटावर पडल्या.

"ह्यो धुतलेला न्हाय," तो म्हणाला. "म्या काल ह्येच्यावर झोपलो व्हतो."

पोरांनी सिद्रामचा पटका बुरुजाच्या पायथ्याशी जमिनीवर अंथरला. शेजारी एक पांढरा अंथरला, इकडचं टोक टोकाला लावून. तिकडं सिद्रामचा बाहेर आला. त्यानं उकिडवं बसून हात पसरला. बरोबर एक वीत. दुसरा पांढरा लावला, एक वीत. तिसरा, चौथा, कुठं बोटभर इकडं, कुठं तिकडं, पण वीतच. आता कुणाला काही सांगावं लागलं नाही. जितके पटके लागले तितक्या विती वजा. बारा डोकी पाटीवर वाकली, कोण मांडतंय आणि कोण ओरडतंय कळेना. पाटी वर आली तेव्हा तीवर कालचा आकडा होता.

साहेबांनी चष्मा पुसला. शेरवानीच्या खिशातून तो कागद काढला, ज्याच्यासाठी आम्ही दोन गाड्या जुंपून आलो होतो. कागद वाचला, पाटी वाचली, पुन्हा कागद वाचला.

"चार उंगल का फ़र्क़ है," ते म्हणाले.

सिद्राम बुरुजाच्या बुडाशी बसला होता. त्यानं तिथलं वाळकं गवत बाजूला सारलं. "साहेब, कागदवाल्यानं गवतावरनं मापलं का दगडावरनं? आमी दगडावरनं मापलं. गवत आन् माती धरली तर चार बोटं व्हत्यात. बघा की."

आणि साहेब खुर्चीवरून उठले. शेरवानीचा घेर आवरून गवतात बसले आणि सिद्रामच्या बोटांशेजारी आपली चार बोटं ठेवून त्यांनी स्वतः मापलं. उठले तेव्हा गुडघ्यांना माती होती. ती झटकायची त्यांना शुद्ध नव्हती. शिपायाला म्हणाले, "टोपी सांभाळ." पोरांना म्हणाले, "एकदा आणखी मोजू. या वेळी वरचं टोक मी धरणार."

ते मराठीत बोलले. त्यांना मराठी बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. बोडक्या डोक्यानं साहेब पायऱ्या चढतायत, मागंपुढं पोरं, 'हळू साहेब, ही पायरी गुडघ्याएवढी हाय' असं सांगणारी, आणि मी खाली एकटा. मी तिथं गवतात बसून रडलो. कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी मला चाललं असतं.

दुपारी त्यांनी मुआयन्याच्या वहीत लिहिलं की जुमेरातचा तास चालू ठेवावा, आणि आसपासच्या मदरशांतल्या मास्तरांनी येऊन तो पाहावा. सही करून वही मिटली, मग पुन्हा उघडली आणि खाली एक ओळ जोडली: मास्तरांनी कापडाविषयी शिंप्याकडून तालीम घ्यावी.

परत

मुरुमात शिरताना ख्वाजाभाईनं बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या त्या पुन्हा बांधल्या. अकरा पांढरे पटके आणि एक डागाळलेला, असे आम्ही पेठेतून गेलो. सिद्रामनं तो अजून धुतलेला नाही. महबूबनंच त्याला ताकीद दिली आहे. वर्गात खुंटीला टांगलाय, अस्सल पाच गज म्हणून. सिद्राम आता आठवड्यातून चार दिवस येतो. गुरं कोण बघतं म्हणून मी विचारलं तर म्हणाला, बाप बघतो, त्याला सांगितलं साहेबाला माप शिकवून आलोय.

गावात ज्याला त्याला आकडा हवा होता. शेटजींनी पहिल्याच दिवशी गल्ल्यावरून विचारलं, "काय रे, किती हात भरला मग बुरुज?" बारा पोरं दुकानापुढं उभी. एकानंही सांगितलं नाही. शेटजींचा नातूसुद्धा नाही.

"मापल्याबिगर कसं सांगायचं, आजोबा?" तो म्हणाला. "तुमीच जाऊन मापा."

मी वर्गात मत घेतलं. हे लिहिताना आकडा द्यावा का, म्हणून. एकही हात वर झाला नाही. म्हणून तो इथं देत नाही. नळदुर्ग काही फार लांब नाही. जा. कोरं कापड नेणार असाल तर आधी भिजवून घ्या.